चुलीवर वाळवलेले विमान

माझे अक्षर चांगले आहे, एवढ्याच पुराव्यावर शेजारच्या काकांनी मला लढाऊ विमाने रंगवण्याच्या कामावर घेतले. मी जव्हारच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात संस्कृत शिकवते. दरवाज्याजवळच्या फळ्यावर रोजचा सुविचार लिहिण्याचे कामही कित्येक वर्षे माझ्याकडेच आहे. त्या फळ्यावरचा मजकूर कोणी वाचतो, अशी शंकाही मला कधी आली नव्हती. काका मात्र सकाळच्या फेरीत तेथे थांबून वाचत असत, आणि वाचण्यापेक्षा वळणे तपासत असत, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळले.

काका मूळचे जामसरचे, भातशेती करणाऱ्या घरातले. मिसरूड फुटण्याच्या वयात ते हवाई दलात गेले. त्यांनी विमाने उडवली नाहीत, दुरुस्त केली. नोकरीची वर्षे उत्तरेत गेल्यामुळे त्यांच्या बोलण्यात अजून हिंदी शब्द अधूनमधून डोकावतात. आता सत्तरीत, जव्हारला आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात, ते आणि काकू दोघेच राहतात. त्यांची मुलगी नाशिकला असते. बाबांना काहीतरी विरंगुळा हवा म्हणून तिने प्लॅस्टिकच्या छोट्या विमानांचे तीन खोके पाठवले. सुटे भाग चौकटीतून कापायचे, घासायचे, चिकटवायचे आणि रंगवायचे, असे ते काम. काका ते खोके घेऊन आमच्या ओसरीवर आले.

"बाई, तुमचा तो फळ्यावरचा 'क्ष' मी बघितलाय. असा 'क्ष' काढणाऱ्या हाताला हे पंख, ही चाकं काय अवघड?"

"काका, मला विमानातलं काहीच कळत नाही."

"कळायला मी आहे ना! तुम्ही फक्त हात लावा. माझी बोटं आता पान्याची झालीत. नटबोल्ट सोडून काही धरता येत नाही."

"आणि डोळे?" कुंपणापलीकडून काकू म्हणाल्या. "परवा आमटीत मिठाच्या जागी साखर घातली. विमान असतं तर पडलं असतं ते."

नाही म्हणणे मला कधी जमले नाही. होकारसुद्धा मी इतक्या हलक्या आवाजात देते की समोरच्याला तो पुन्हा विचारावा लागतो. काकांनी पुन्हा विचारले नाही. त्यांनी खोके उघडले.

पहिली दोन विमाने सरावाची होती. जुन्या काळची, पंख्याची. पहिल्याच्या काचेवर माझ्या अंगठ्याचा ठसा कायमचा उमटला. दुसऱ्याला एक चाक कमी पडले आणि ते चार दिवसांनी काकूंच्या तांदळात सापडले. तरीही दर रविवारी सकाळी काकांच्या ओसरीवर वर्तमानपत्र अंथरले जाऊ लागले. कटर, चिमटा, पॉलिश पेपर, रंगांच्या अंगठ्याएवढ्या डब्या, आणि काकूंचा चहा. मला त्या सकाळींची ओढ लागली आहे, हे मी स्वतःलाही उशिरानेच कबूल केले. वर्गात मी जे शिकवते ते सगळे हजारो वर्षांपूर्वी पूर्ण झालेले आहे. येथे काहीतरी माझ्या हाताखाली पूर्ण होत होते.

तिसरा गडी आमच्यात आपण होऊन सामील झाला. मोखाड्याच्या बाजूच्या एका पाड्यावर त्याचे घर. भात आणि नाचणी लावतो, आणि बोहाड्याचे मुखवटे रंगवतो. आमच्या भागात उन्हाळ्याच्या तोंडाशी बोहाडा होतो, तेव्हा देवांचे आणि राक्षसांचे मुखवटे चढवून सोंगे नाचतात. ते मुखवटे दरवर्षी नव्याने उजळायचे काम त्याच्या घरात आजोबांपासून चालत आलेले. इतर वेळी तो घरांची रंगकामे करतो. काकांचे लोखंडी फाटक रंगवायला तो आला होता, आणि मी दुसऱ्या विमानाच्या शेपटाशी झटत होते. फाटक अर्धे टाकून तो माझ्या मागे येऊन उभा राहिला.

"बाई, ब्रश असा धरतात काय? झाडू हाय का तो?"

मी ब्रश खाली ठेवला. मला कोणी पाहत असेल तर मला दारसुद्धा नीट उघडता येत नाही.

"ठेवू नका. धरा. करंगळी टेका खाली. हां. आता हात नाय हलवायचा, श्वास हलवायचा."

तो माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, पण त्या दिवसापासून मी त्याला दादा म्हणते. पुढच्या रविवारी तो जीपने जव्हारला आला आणि काही काम नसताना ओसरीवर बसला. काकांनी त्याला आसनात बसवायचा वैमानिक रंगवायला दिला. डोके तुरीच्या दाण्याहून लहान. दादाने डोळे बारीक करून त्या दाण्यावर चेहरा काढला आणि चेहऱ्याला आकडेबाज मिशा काढल्या.

"अरे, आमच्या वैमानिकांना असल्या मिशा नव्हत्या," काका म्हणाले.

"मंग हा लढायला चाललाय का शाळेत? मिशी पायजेलच."

मिशा राहिल्या.

तिसऱ्या खोक्याला काकांनी दोन महिने हात लावू दिला नव्हता. त्यात नॅट होते. लढाऊ विमानांत ते अगदीच चिमुकले. काकांनी नोकरीची पहिली वर्षे त्याच्याच पोटाखाली आडवे पडून काढलेली. आमची प्रतिकृती मूळ विमानाचा बहात्तरावा हिस्सा, म्हणजे माझ्या वितीपेक्षाही तोकडी. परंतु काकांना कोणतेही एक नॅट नको होते. त्यांच्या ताब्यात जे होते, तेच हवे होते. त्याच्या नाकावर कुठे रंग उडाला होता, पोटाखालचे कोणते झाकण दुसऱ्या विमानाचे आणून बसवले होते, हे सगळे त्यांना तोंडपाठ होते. म्हणून त्यांनी एक नियम घातला.

"मोबाइलवर फोटो बघायचे नाहीत. भाग कुठला कुठे, एवढ्यापुरता तो कागद बघा. बाकी सगळं इथून." त्यांनी कपाळावर बोट ठेवले. "फोटो बघूनच करायचं तर मी कशाला पाहिजे?"

मी नियम पाळला. येथून पुढचे लिहिताना मात्र मला थोडे अवघडल्यासारखे होते.

पंख चिकटवण्याचे काम मी एका दुपारी माझ्या घरी केले, कारण काका दवाखान्यात रक्तदाब तपासायला गेले होते. पंख खाचेत बसवून पाहिले, तर दोन्ही टोके खाली झुकलेली. पावसात भिजून अंग चोरून बसलेल्या कोंबडीसारखे ते दिसत होते. आधीच्या दोन्ही विमानांचे पंख टोकाशी किंचित वर उचललेले होते. तेव्हा माझ्या विद्याविभूषित बुद्धीने निष्कर्ष काढला की, टपालाच्या प्रवासात प्लॅस्टिक वाकले असणार. कागदावरच्या चित्रातही ते झुकलेलेच वाटत होते. पण चित्र अंगठ्याच्या नखाएवढे होते आणि माझा निष्कर्ष त्याहून बराच मोठा होता.

आता सरळ उपाय म्हणजे काकांची वाट पाहणे. पण मग मला सांगावे लागले असते की तुमच्या मुलीने पाठवलेली वस्तू सदोष आहे. लेकीने प्रेमाने पाठवलेल्या भेटीत खोट काढायची, आणि ती मी काढायची? मला ते धाडस होईना. मी खाच नखे घासायच्या कानशीने रुंद केली, पंख आडव्या रेषेत आणले, दोन्हीकडे खडूच्या पेट्यांचा आधार दिला आणि चिकटवून टाकले. दुसऱ्या दिवशी विमान ताठ, सुरेख दिसत होते. मी कोणालाच काही बोलले नाही. आपण हळूच कोणाची तरी लाज राखली, असे एक सात्त्विक समाधानही मला वाटले.

काकांनी विमान हातात घेतले, फिरवले, खाली ठेवले. पुन्हा उचलले.

"छान झालंय," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "कुछ तो गडबड है."

"काय, काका?"

"तेच कळत नाहीये."

त्या दिवसापासून त्यांनी शोध सुरू केला. चाके फार पुढे आहेत का? नाही. नाक लांब झाले का? त्यांनी बोटांनी मापून पाहिले, नाही. शेपूट? काचेची टोपी? एकेक भाग बरोबर निघत होता आणि सगळे मिळून विमान चुकत होते. प्रत्येक रविवारी ते चहा घेण्याआधी विमानासमोर बसत, एखाद्या परिचित माणसाचे नाव आठवत नसावे तसे त्याच्याकडे बघत, आणि मग गप्प होत. गप्प काका ही गोष्ट आमच्या ओसरीला नवी होती.

कारण मला काकूंनी सांगितले. काकांचे थोरले भाऊ शेवटच्या दिवसांत सगळे विसरले होते. जामसरच्या स्वतःच्या घरात उभे राहून ते घरी सोडा, घरी सोडा म्हणत. "ह्यांच्या डोक्यात आता तेच बसलंय," काकू भाजी निवडत म्हणाल्या. "म्हणतात, ज्या विमानावर चार वर्षं हात फिरवला, ते मला ओळखू येत नाही, म्हणजे माझंही सुरू झालं. मी म्हटलं, मला ओळखता ना? मग पुरे झालं. तर म्हणतात, तुझा आवाज ओळखतो."

त्या हसल्या, पण भाजीची काडी त्यांनी दोनदा मोडली.

मला आपल्या पंखांची शंका एकदाही आली नाही, असे लिहिले तर ते खोटे ठरेल. आली होती. मोबाइल उघडून एक चित्र पाहिले असते तर क्षणात उलगडा झाला असता. पण काकांचा नियम होता, आणि खरे सांगायचे तर तो पाळणे मला सोयीचेही होते.

अशातच काकांना फोन आला. त्या काळी हॅंगरमध्ये ज्यांच्या हाताखाली ते काम करत, ते सार्जंट साहेब आता पुण्याला मुलाकडे असतात. गणपतीनंतर मुलगा-सून त्यांना दाभोशाचा धबधबा दाखवायला आणणार होते, आणि वाटेत जव्हारला आमच्या काकांकडे जेवण ठरले. काकांनी उत्साहाच्या भरात फोनवर सांगून टाकले, "आपलं विमान तयार ठेवतो, साहेब." फोन ठेवल्यावर त्यांचा चेहरा उतरला.

"ते एका नजरेत पकडतील," ते मला म्हणाले. "आणि मी काय सांगू? मला आठवत नाही म्हणून?"

विमान रंगवून तर व्हायला हवे होते. दादाने दोन रविवारांत ते हिरव्या-करड्या पट्ट्यांनी इतके नेटके रंगवले की माझा ब्रश मी आपणहून धुऊन ठेवला. मात्र आषाढातल्या जव्हारमध्ये काहीच वाळत नाही. कपडे वाळत नाहीत, खडूसुद्धा फळ्यावर ओला उमटतो. चार दिवसांनी बोट लावले तर हिरवा रंग बोटाला आला. आठ दिवसांनीही आला.

"माझ्याकडं द्या," दादा म्हणाला. "आमचे मुखवटे पावसात कुठं वाळतात? चुलीवर माच टांगलेली हाय बांबूची. त्याच्यावर ठेवायचा. खालून ऊब लागते, धुराची वरतून कळा चढते. माझ्या आज्याच्या हातचा रावण अजून तसाच हाय."

मी काकांकडे पाहिले. काकांनी खांदे उडवले. "जाऊ द्या. चुलीवरचा का असेना, हॅंगर तो हॅंगर."

रावण जर तेथे टिकला, तर नॅटला काय होणार, असाच विचार आम्हा तिघांनी केला असावा. रावण कागदाच्या लगद्याचा होता आणि विमान प्लॅस्टिकचे, हा फरक संस्कृतच्या शिक्षिकेला सुचला नाही, मुखवटे करणाऱ्याला सुचला नाही, आणि ज्याने आयुष्यभर खऱ्या धातूची विमाने हाताळली त्यालाही सुचला नाही.

पुढच्या रविवारी दादा आला तो जीपमधून उतरतानाच मान खाली घालून. हातात स्टीलचा डबा. ओसरीवर बसला आणि डबा आपल्याजवळच ठेवला.

"काय झालं रे?" काकांनी विचारले.

"आवणी होती आमची."

आवणी म्हणजे भाताची लावणी. त्या दिवशी सगळा पाडा एकाच्या शेतात उतरतो आणि जेवण त्याच्या घरी असते. दादाच्या घरी वीस-पंचवीस माणसांचा भात मोठ्या टोपात चढला होता. रोज उबेपुरती असणारी चूल त्या सकाळी भडकली होती, आणि माचेवर वाघोबा आणि एक राक्षस यांच्या मधोमध आमचे नॅट विसावले होते.

"वाघोबाला काय नाय झाला," दादा म्हणाला, आणि डबा उघडला.

डावा पंख ताठ होता. उजवा, जो माचेच्या कडेबाहेर आला होता, तो मऊ होऊन खाली लोंबला होता. रंगावर बारीक सुरकुत्या पडल्या होत्या. दादा जमिनीकडे पाहत होता. मी काकांकडे पाहणे टाळत होते. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी, बहुधा आयुष्यात प्रथमच, टोमणा गिळला.

काकांनी विमान उचलून डोळ्यांच्या रेषेत धरले. नाक स्वतःकडे. मग त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. विमान डाव्या हातात ठेवून त्यांनी उजवा हात दुमडला आणि कोपर हवेत कशावर तरी टेकवावे तसे टेकवले. थोडे खाली घेतले. आणखी थोडे.

"इथे," ते म्हणाले. "इथे यायचं टोक."

"कसलं टोक?" काकूंनी विचारले.

"पंखाचं! अगं, मी चहा प्यायचो पंखाच्या टोकावर कोपर टेकवून. रोज! सार्जंट साहेब ओरडायचे, कोपर काढ म्हणून. पंख ताठ असता तर टोक माझ्या खांद्याला आलं असतं, कोपर कसं टेकलं असतं? नॅटचे पंख खालीच असतात. खाली! मी सांगत होतो ना, गडबड आहे!" आणि दादाच्या पाठीवर त्यांनी एक जोरदार थाप दिली. "वा रे चूल! तुझ्या चुलीला जे कळतं ते त्या खोकेवाल्यांना कळलं नाही. त्यांनीच ताठ करून पाठवले असणार."

दादाने मान वर केली. काकू हसू लागल्या. चहा ठेवते म्हणून त्या आत वळल्या. सगळे काही आपोआप सुरळीत झाले होते. दोष कोणा दूरच्या परदेशी माणसाच्या पदरात पडला होता, आणि तो माणूस तो नाकारायला कधी येणार नव्हता. मला फक्त नेहमीप्रमाणे गप्प बसायचे होते, आणि गप्प बसणे ही माझी सर्वांत चांगली जमणारी गोष्ट आहे.

पण खापर खोकेवाल्यांवर फुटले तरी, चुलीने वाकवून दाखवल्यावरच आपल्याला आठवले, ही टोचणी काकांना राहिली असती. त्यांना दोन महिने जे खटकत होते, ते नेमके तेच होते, हे फक्त मला ठाऊक होते.

"काका," मी म्हणाले.

कोणी ऐकले नाही.

"काका, पंख मी सरळ केले."

आता मात्र सगळ्यांनी ऐकले. मी खाचेचे, कानशीचे, खडूच्या पेट्यांचे सगळे सांगितले. तुमच्या लेकीच्या भेटीत खोट काढायला नको वाटले, हेही सांगितले. "तुम्हाला पहिल्या दिवशी जे खटकलं, ते बरोबर होतं. तुम्ही काहीही विसरला नव्हता. मी बोलले नाही म्हणून तुम्हाला तसं वाटत राहिलं."

काकांचा चेहरा लाल झाला. ते इतके रागावलेले मी कधी पाहिले नव्हते.

"दोन महिने, बाई! दोन महिने मी झोपलो नाही! रोज पहाटे उठून पाढे म्हणत होतो मी, येतात का बघायला!"

"एकोणतीसचा म्हणत होते," काकू आतून म्हणाल्या. "मला पाठ झाला."

"हॅंगरमध्ये असं चालत नाही! एक स्क्रू फिरवला तरी कागदावर लिहायचं. काय केलं, कोणी केलं, आणि खाली सही. न लिहिता हात लावणाऱ्याला सार्जंट साहेबांनी बाहेर उन्हात उभं केलं असतं!"

"मी उभी राहते, काका. पण ऊन कुठे आहे?"

हे वाक्य माझ्या तोंडून कसे निघाले ते मला अजून कळलेले नाही. पावसाचा पडदा फाटकापर्यंत आला होता. दादाने आधी तोंड दाबले, मग त्याला ते जमेना. काकांनी माझ्याकडे पाहिले, पावसाकडे पाहिले, आणि त्यांच्या रागाला मध्येच ठसका लागला.

"वही आणा," ते शेवटी म्हणाले.

माझ्या चांगल्या अक्षरात मी वहीत लिहिले: दोन्ही पंख विनापरवाना सरळ केले. खाली सही केली. दादाने त्याखाली लिहून घ्यायला लावले: उजवा पंख चुलीने वाकवला. त्याने सहीऐवजी वाघोबाचा चेहरा काढला. मग काकांनी वही ओढून घेतली आणि फार नीट अक्षरांत शेवटची ओळ लिहिली: फिटरची स्मरणशक्ती तपासली, ठीक आहे.

त्यानंतर काम उरले होते ते डावा पंख खाली आणायचे आणि उजवा, जो जरा जास्तच लोंबला होता, तो वर घ्यायचा. काकूंनी पातेल्यात पाणी तापवले. मी चिमट्याने विमान धरून पंख कढत पाण्यात बुडवायचे, दादाने तो फडक्याने धरून वाकवायचा, आणि काकांनी पुढे उकिडवे बसून हुकूम द्यायचे.

"थोडा आणखी. आणखी. अरे, कोपर टेकायचंय मला, लोटांगण नाही घालायचं! वर घे. हां... बस. धर तसाच."

"भाजतंय, काका!"

"देशासाठी धर!"

"देशाला सांगा, पाणी कमी तापवा म्हणून."

"गॅस माझा आहे," काकू म्हणाल्या. "देशानं वेगळा आणावा."

पाच वेळा पाणी तापले. संपताना दोन्ही टोके सारखी उतरली होती, आणि गंमत अशी की ते आता भिजलेल्या कोंबडीसारखे दिसत नव्हते. दबा धरून बसलेल्या एखाद्या लहान, चपळ प्राण्यासारखे दिसत होते. माझ्या डोळ्यांना ते आधी का दिसले नाही, याचे उत्तर मला अजून देता येत नाही. सुरकुतलेला रंग दादाने घासून नव्याने दिला, आणि या वेळी विमान काकूंच्या कपाटात पिवळा दिवा लावून वाळवले. चूल कोणी सुचवली नाही.

गणपती झाले आणि सार्जंट साहेब आले. वय पंच्याहत्तरीच्या पुढचे, हातात काठी, पाठ मात्र फळीसारखी सरळ. ओसरीची पायरी चढताच ते म्हणाले, "कुठे आहे?" पाणीसुद्धा घेतले नाही. काकांनी विमान स्टुलावर ठेवले होते. साहेब काठीच्या आधाराने वाकले, नाकासमोरून पाहिले, एका बाजूने पाहिले, दुसऱ्या बाजूने पाहिले.

"पंख झकास," ते म्हणाले. "कोपर कुठाय तुझं?"

काका हसले, पण साहेबांचे झाले नव्हते. त्यांनी विमान उलटे केले. पोटाखाली एकच झाकण दादाने चंदेरी ठेवले होते. दुसऱ्या विमानाचे आणून बसवलेले, कधी न रंगवलेले, काकांच्या आठवणीतले.

"हे चुकलं," साहेब म्हणाले. "हे उजवीकडे होतं."

दोन महिन्यांपूर्वीचे काका मला अजून डोळ्यांसमोर दिसत होते.

"डावीकडे," काका म्हणाले.

"अरे, उजवीकडे. कागदावर सही माझी आहे."

"सही तुमची, साहेब. पण पाना माझा होता. डाव्या कुशीवर झोपून बसवलंय मी ते. एक बोल्ट डोळ्यात पडला होता माझ्या."

"तो दुसऱ्याच विमानाच्या वेळचा बोल्ट होता!"

"डोळा माझा होता ना?"

"तू विसरलास."

"तुम्ही विसरलात, सार्जंट साहेब," काका म्हणाले, इतक्या आनंदाने की साहेबांची सूनबाई चमकून त्यांच्याकडे पाहू लागली.

वाद जेवणात चालला. नाचणीच्या भाकरीवर चालला, काकूंनी दोनदा भात वाढला तरी चालला. हॅंगरचा दरवाजा पूर्वेला होता की पश्चिमेला, यावर तो गेला आणि परत झाकणावर आला. काकूंनी सांगून पाहिले की दोन्हीकडे एकेक झाकण चंदेरी करून टाका. दोघांनीही तो ठराव एकमताने फेटाळला. साहेबांनी एकदा मला विचारले, "बाई, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही सांगा." मी म्हणाले की फोटो बघायला आमच्याकडे बंदी आहे, आणि ताटातल्या आमटीकडे वळले. पण मला जे पाहायचे होते ते मी पाहत होते. त्या सबंध दुपारी काकांनी आधारासाठी एकदाही माझ्याकडे पाहिले नाही. काकूंकडेही नाही, विमानाकडेही नाही. ते बोलत होते ते थेट खऱ्या नॅटच्या पोटाखालून, जणू जमिनीवर आडवे पडून.

निघताना साहेबांनी गाडीची काच खाली केली. "उजवीकडे!" ते ओरडले.

गाडी दाभोशाच्या रस्त्याला वळून दिसेनाशी होईपर्यंत काका फाटकात उभे होते, आणि उत्तर म्हणून डावा हात हलवत होते.